शिवलेल्या फोनांची दुपार

आमच्या नाटकातल्या माझ्या सगळ्यात अवघड प्रवेशात मला एकही वाक्य नव्हतं.

मी शाळेत शिकवते. शाळा सुटली की घरी येऊन कुकर लावायचा आणि आमच्या हौशी संस्थेच्या तालमीला पळायचं, हे कित्येक वर्षं चालू आहे. या नाटकाची दिग्दर्शिका माझ्या मुलीच्या वयाची होती आणि नाटक तिनंच लिहिलेलं होतं. गोष्ट साधी. एका घरातली तरुण मुलगी एके दिवशी न सांगता निघून जाते. कुठे, का, कोणालाच कळत नाही. मी त्या मुलीची आई. दुसऱ्या अंकात ही आई मुलीचं कपाट उघडते, तिचे कपडे बाहेर काढते आणि पलंगावर बसून एकेकाची घडी घालून परत ठेवते. एवढंच. संवाद नाही, संगीत नाही.

पहिल्या वाचनालाच दिग्दर्शिकेनं मला बजावलं होतं, "मावशी, इथे रडायचं नाही, उसासा टाकायचा नाही. फक्त घड्या घालायच्या. बाकीचं प्रेक्षक करतील."

पहिल्या प्रयोगाला प्रेक्षकांनी काय केलं ते सांगते.

मी मुलीचा पिवळा कुडता हातात घेतला होता. नाट्यगृह शांत होत चाललं होतं. समोर अंधार असतो, काही दिसत नाही, पण माणसं आपल्याबरोबर आहेत की नाहीत हे अंगाला कळतं. ती माझ्याबरोबर येत होती. आणि मधल्या रांगेतून सनई वाजली. फोनवरची सनई, चौघड्यासकट. ती वाजतच राहिली, मग थांबली, आणि भरदार आवाज आला, "हां, बोल. नाय नाय, नाटकाला आलोय. बोल तू. शेवंतीचे क्रेट किती भरले?"

आवाज मी लगेच ओळखला. माझे मोठे दीर. त्यांना आम्ही सगळे दादा म्हणतो.

माझ्या सासरची माणसं मखमलाबादकडे फुलांची शेती करतात. झेंडू, शेवंती, थोडा गुलाब. माझे यजमान धाकटे, ते रेल्वेत लागले, मनमाडला जाऊन-येऊन करतात, आणि आम्ही शहरात द्वारका चौकाजवळ फ्लॅटमध्ये राहतो. मळा दादा आणि माझ्या मोठ्या जाऊबाई सांभाळतात. जाऊबाईंना मी अक्का म्हणते. दोघांना प्रयोगाचे पास मीच दिले होते, अगदी आग्रहानं. नेमकी त्याच वेळेला मुंबईची गाडी भरली जाते हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

"किती भरले?" दादांनी पुन्हा विचारलं. मागून कोणीतरी खोडसाळपणे म्हणालं, "शंभर." सगळं नाट्यगृह हसलं.

मी घड्या घालत राहिले. दुसरं काय करणार? पिवळा कुडता, निळी ओढणी, शाळेचा जुना गणवेश. पण आता मी फक्त कपडे आवरणारी बाई होते. हशा ओसरल्यावर लोकांना आपापले फोन आठवले. इथे-तिथे चेहरे निळसर उजळले, एकानं तर फ्लॅश मारून माझा फोटो काढला. नाटक संपल्यावर टाळ्या पडल्या, चांगल्या पडल्या, पण मला आतून रिकामं वाटत होतं.

बाहेर दादा हसतमुखानं उभे होते. "लय भारी काम केलंस," म्हणाले. मनापासून म्हणाले; आपल्यामुळे काही झालं हे त्यांच्या गावीही नव्हतं. अक्कांना मात्र ते कळलं होतं. त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत खाली बघत होत्या.

मेकअप रूममध्ये दिग्दर्शिका माझ्या अंबाड्यातल्या पिना काढता काढता एकदम म्हणाली, "पुढच्या प्रयोगाला एकही फोन चालू राहणार नाही. कसं ते मला माहीत नाही. पण नाही राहणार."

त्या आठवड्यात तालमीच्या खोलीत आमची सभा भरली. सभा म्हणजे चहा आणि भांडण. आमच्यातले सगळ्यात ज्येष्ठ नट, जे नाटकात माझ्या भावाचं काम करतात, ते सुरुवातीपासून विरोधात होते.

"प्रेक्षक आधीच हाताला धरून आणावे लागतात," ते म्हणाले. "त्यात फोन काढून घेतला तर एक माणूस येणार नाही."

"मग रिकाम्या खुर्च्यांपुढे करू," दिग्दर्शिका म्हणाली. "त्या निदान वाजत तरी नाहीत."

दारावर फोन जमा करून घ्यावेत असं कोणीतरी सुचवलं. पण महागडे फोन, कोणाच्या काचेला तडा गेला तर निस्तरायचं कोणी? कुलपांचे कप्पे करायचे तर तेवढी ऐपत कोणाची? पडदा उघडण्याआधी सूचना करतोच की, असं एक जण म्हणाला, तेव्हा सगळेच हसले. कारण त्या सूचनेच्या वेळीच कोणाचा तरी फोन वाजतो, हे आम्ही वर्षानुवर्षं ऐकत आलो आहोत.

अक्का त्या दिवशी तिथे होत्या. सभेचं मी सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "मला येऊ दे. एकदा बघते तुमचं काय चालतं ते." खरं म्हणजे त्यांना चुटपुट लागली होती. कोपऱ्यात सतरंजीवर बसून त्या सवयीनं शेवंतीचा हार ओवत होत्या. वाद असा गोल गोल फिरत असताना त्या मान वर न करता म्हणाल्या, "शिवून टाका की."

सगळ्यांनी वळून बघितलं.

"काय शिवून टाका?" ज्येष्ठांनी विचारलं.

"फोन. बंद करून पिशवीत घालायचा, पिशवीचं तोंड शिवायचं, आन् ज्याचा त्याच्या हातात द्यायचा. हरवायची भीती नाय, बदलायची भीती नाय. कोनी उसवला तर लगेच दिसंल."

दोघं-तिघं हसले. दिग्दर्शिका हसली नाही. ती उठून अक्कांसमोर जाऊन बसली. "एका पिशवीला किती वेळ लागेल, अक्का?"

ज्येष्ठांचा फोन चहाच्या कपाशेजारी पडला होता, तो अक्कांनी उचलला, गजरे ठेवायच्या छोट्या कापडी पिशवीत सरकवला, पदराला टोचलेली सुई काढली आणि मोठ्या टाक्यांचा धावदोरा घालायला घेतला. "अहो, अहो, माझा फोन," असं ते म्हणेपर्यंत गाठ मारून दोरा तोडलासुद्धा. पिशवी त्यांच्या हातात आली आणि तेवढ्यात ती थरथरायला लागली. त्यांच्या सौभाग्यवतींचा फोन असणार. त्या या वेळेला रोज करतात. ते पिशवी उलटीसुलटी करून बघत राहिले.

"आता काय करू?" त्यांनी विचारलं.

"बाहेर जायचं, उसवून घ्यायचं, बोलायचं. परत आत यायचं तर परत शिवून घ्यायचं," अक्का म्हणाल्या.

पिशवी दम लागेपर्यंत थरथरली आणि थांबली. ज्येष्ठ तिच्याकडे बघून स्वतःच हसायला लागले. "हिला आज पहिल्यांदा उत्तर मिळालं नाही," म्हणाले. त्या दिवसापासून त्यांचा विरोध पातळ झाला. पूर्ण गेला नाही, पण पातळ झाला.

मग जे दिवस गेले त्यांची आठवण आली तरी मला हुशारी येते. अक्कांनी घरातल्या जुन्या सुती साड्या काढल्या, मी माझ्या काढल्या, दिग्दर्शिकेनं तिच्या आईच्या आणल्या. मळ्यात दुपारी काम उरकलं की हार ओवणाऱ्या पाच-सहा बायका ओट्यावर बसायच्या आणि पिशव्या शिवायच्या. मी शाळेतून तिकडेच जायचे. हिरव्या, जांभळ्या, ठिपक्यांच्या, काठांच्या, अशा पिशव्यांचा ढीग वाढत होता. बायकांना या प्रकाराची भारी गंमत वाटत होती.

"म्हंजे तीन तास मानूस फोनाबिगर बसनार?" एकीनं विचारलं.

"अडीच," मी म्हणाले.

"आमचं येडं तर जेवतानापन ठेवत नाय," ती म्हणाली, आणि सगळ्या आपापल्या घरातल्यांच्या गोष्टी सांगायला लागल्या.

एक प्रश्न उरला होता. घरी लहान मूल असेल, कोणी आजारी असेल, कोणी डॉक्टर असेल, त्यांनी काय करायचं? त्यासाठी आम्ही एक बटणांचा साधा फोन ठेवायचं ठरवलं. त्याचा नंबर तिकिटावर छापला. तो फोन घेऊन माझे यजमान दाराबाहेर बसणार, आणि निरोप आला तर अंधारात ज्याच्या त्याच्या खुर्चीपर्यंत जाऊन खांद्याला हात लावणार. प्रत्येकानं आत जाताना आपल्या खुर्चीचा नंबर घरी कळवून ठेवायचा. यजमानांनी ही जबाबदारी इतकी मनावर घेतली की प्रयोगाच्या आधी नाट्यगृहात जाऊन डोळे मिटून रांगांमधून चालायचा सराव करून आले.

तिकिटावर आम्ही स्पष्ट लिहिलं होतं की तुमचा फोन पिशवीत शिवून तुमच्याच हातात दिला जाईल. गावभर चेष्टा झाली. सोबत तोंडही शिवणार का, असं कोणीतरी आमच्या जाहिरातीखाली लिहिलं. शाळेच्या स्टाफरूममध्ये मला रोज नवा विनोद ऐकावा लागे. पण तिकिटं खपत होती. माझा विश्वास बसेना. लोकांना नाटक बघायचं होतं की फोन शिवलेला बघायचा होता, देव जाणे, पण आमचं नाट्यगृह इतकं कधीच भरलं नव्हतं.

प्रयोग रविवारी दुपारचा होता. जानेवारीतली छान थंडी, बाहेर उबदार ऊन. मी नऊवारी नेसून, कुंकू लावून तयार होते आणि नटीनं कधी करू नये ते करत होते, म्हणजे बाजूच्या दाराच्या फटीतून बाहेर डोकावत होते. बाहेरच्या दालनात सतरंजी अंथरली होती. त्यावर अक्का आणि त्यांच्या बायका एका ओळीत, पुढ्यात दोऱ्याची रिळं आणि पिशव्यांचे ढीग. आणि समोर लोकांची रांग, थेट रस्त्यापर्यंत.

एक गृहस्थ अडून बसले होते. "माझ्या फोनला मी कोणाला हात लावू देत नाही," ते म्हणाले.

"लावू नका देऊ," अक्का म्हणाल्या. "तुम्हीच घाला पिशवीत. मी फकस्त पिशवीला हात लावते."

त्यांनी फोन पिशवीत घातला, अक्कांनी शिवला. पलीकडे कॉलेजच्या मुली रंग निवडत होत्या. एकीला तिच्या ड्रेसवर जाईल अशीच पिशवी हवी होती. एका डॉक्टर बाईंनी यजमानांना आपला खुर्चीचा नंबर दोनदा सांगितला आणि त्यांच्याकडून परत म्हणून घेतला. एका मुलानं फोन शिवून घेतला आणि निघाला, तर अक्का म्हणाल्या, "आन् दुसरा?" त्यानं गुपचूप मागच्या खिशातून दुसरा काढला. सगळ्यात शेवटी एक वयस्कर आजोबा आले. त्यांच्याकडे फोनच नव्हता. पण सगळ्यांच्या हातात पिशवी बघून ते घुटमळत होते. अक्कांनी एक जांभळी रिकामी पिशवी घेतली, तिचं तोंड शिवलं आणि त्यांना दिली. आजोबा खूश होऊन आत गेले.

आणि मग मला दादा दिसले. ते येणार हे मला कोणी सांगितलं नव्हतं. रांगेबाहेर उभे राहून ते फोनवर मोठमोठ्यानं गाडीवाल्याला सूचना देत होते. सूचना संपल्या तसे अक्कांपुढे येऊन बसले आणि फोन बंद करून पुढे केला.

"शिव," म्हणाले.

"गाडीचं काय?" अक्कांनी विचारलं.

"बघंल तो. शिव तू."

अक्कांनी त्यांच्या पिशवीला दुहेरी धावदोरा घातला. तेवढ्यात माझ्या खांद्यावर थाप पडली. दिग्दर्शिका होती. "मावशी, आत," ती म्हणाली.

तिसरी घंटा झाली. पडदा उघडला.

पहिल्या अंकात मी आणि माझा भाऊ पोलिसात जायचं की नाही यावरून वाद घालतो. तो वाद ऐन रंगात आला होता, आणि वीज गेली.

सगळं काळं झालं. बाहेर जायच्या दारावरचा छोटा दिवा तेवढा लांब कुठेतरी मिणमिणत होता. आत्तापर्यंत असं झालं की काय होतं ते मला पाठ होतं: क्षणात पन्नास टॉर्च लागतात, लोक गप्पा मारतात, कोणी शिट्टी वाजवतं, नाटक थांबतं. या वेळी नुसती कापडाची सळसळ ऐकू आली. सगळ्या नाट्यगृहात हात आपोआप फोनकडे गेले होते आणि पिशव्या चाचपून थांबले होते. मग हसण्याची एक लहानशी लाट आली. त्या हसण्यात चेष्टा नव्हती, लोक स्वतःलाच हसत होते. आणि मग सगळे थांबले. आम्ही पुढे काय करतो याची वाट बघायला लागले.

शेजारी ज्येष्ठांचा श्वास ऐकू येत होता. ते वाक्य विसरले होते हे त्या श्वासावरून मला कळलं. विंगेतून दिग्दर्शिका कुजबुजली, "थांबू नका."

मी माझं पुढचं वाक्य म्हटलं. उजेडात ते मी ओरडून म्हणायचे. अंधारात ओरडवेना. "तिच्या मैत्रिणीला विचारलंस?" मी हळूच म्हणाले.

तेवढ्याच हळू आवाजात उत्तर आलं. "विचारलं."

"काय म्हणाली?"

"रडायला लागली."

महिनाभर आम्ही हे संवाद म्हणत होतो, पण खरं सांगते, मी ते त्या दिवशी पहिल्यांदा ऐकले. घरातले दिवे घालवून बहीण-भाऊ बोलत बसतात तसे आम्ही बोलत होतो, आणि शेवटच्या रांगेपर्यंत लोक कान देऊन ऐकत होते. खुर्च्या करकरल्या; माणसं पुढे सरकून बसत होती. अंदाजानं चालताना माझा गुडघा टेबलाला आपटला, स्टीलचा पेला पडला आणि रंगमंचभर गडगडत गेला. "अरे," प्रेक्षकांतली एक बाई काळजीनं म्हणाली, जणू तिच्याच घरातला पेला पडला होता. आम्ही बोलत राहिलो. आमचा वाद संपत आला आणि बाहेर जनरेटर घरघरला. दिवे लागले.

आणि सगळ्यांनी पाहिलं की ज्येष्ठ माझ्याकडे पाठ करून, पार त्या टोकाला, मुलीच्या कपाटाशी बोलत उभे आहेत.

काय हशा झाला. पण ते मुरलेले नट. जराही गडबडले नाहीत. त्यांनी शांतपणे कपाटाचं दार उघडलं, आत डोकावून बघितलं आणि मग माझ्याकडे वळून म्हटलं, "इथे तर नाहीये ती." हे वाक्य नाटकात नव्हतंच. हसता हसता लोक गप्प झाले आणि मग ज्या टाळ्या पडल्या, त्या मी कधी विसरणार नाही. पडदा पडला तेव्हा विंगेत दिग्दर्शिका उड्या मारत होती. "हे वाक्य आता नाटकात राहणार," ती म्हणत होती. "कायमचं."

मध्यंतर झालं. पुढे तो प्रवेश होता.

पडदा उघडला. मी कपाट उघडलं, कपडे पलंगावर घेतले आणि बसले. पिवळा कुडता हातात घेतला. हाताने सुरकुत्या सारख्या केल्या. सुती कापडावर तळवा फिरवल्याचा आवाज मला ऐकू आला, आणि माझ्या लक्षात आलं की तो त्यांनाही ऐकू येतोय. सगळ्यांना. एवढी माणसं बसली होती आणि माझ्या तळव्याचा आवाज शेवटच्या रांगेत पोचत होता.

कुठेतरी एका लहान मुलीनं विचारलं, "आई, ती परत येणार आहे का?" कोणी शू केलं नाही. तो प्रश्न तसाच हवेत राहिला आणि मी निळी ओढणी उचलली.

मग शाळेचा गणवेश आला. तो मुलीला कधीच लहान झालेला. आईनं जपून ठेवलेला. तालमीत मी त्याची घडी कितीतरी वेळा घातली होती आणि मला काही झालं नव्हतं. आता बाहीची घडी मला दोनदा घालावी लागली. समोर अंधारात कोणा पुरुषानं घसा खाकरला आणि ते खाकरणं अर्ध्यावर राहिलं. मी रडले नाही. मला सांगितलंच होतं रडायचं नाही म्हणून. पण मला जे होत होतं ते दुःख नव्हतंच. ती आई दुःखात बुडालेली आणि मी मात्र आनंदानं फुटायला आलेली, अशी आम्ही दोघी एकाच अंगात बसलो होतो. लोक माझ्याबरोबर घड्या घालत होते. शेवटचा कपडा कपाटात ठेवला की दिवे मंद व्हायचे असं ठरलं होतं. मी ठेवला. दिवे तसेच राहिले. मी उभी राहिले, कपाटाचं दार लावलं, त्यावर हात ठेवला. तरी दिवे तसेच. ती शांतता अजून, अजून वाढत गेली आणि एकही माणूस हलला नाही. नंतर कळलं की दिव्यांसाठी खूण करायची ती दिग्दर्शिकेनं, आणि ती खूण करायचीच विसरली होती. बघत बसली होती.

नाटक संपल्यावर आम्ही सगळे हात धरून पुढे आलो. नाट्यगृहातले दिवे लागले आणि मला एकदम वेगळं काहीतरी जाणवलं, पण काय ते पटकन कळेना. मग कळलं. चेहरे दिसत होते. एरवी या वेळी सगळे फोन उंच धरून आमचा व्हिडिओ काढत असतात, आणि आम्ही फोनांना नमस्कार करून आत जातो. आज ओळीनं माणसंच दिसत होती, ओल्या डोळ्यांची, हसरी. टाळ्या वाजवताना मनगटात अडकवलेल्या रंगीत पिशव्या उडत होत्या. दादा उभे राहून टाळ्या वाजवत होते. एवढ्या जोरात की त्यांच्या शेजारचा माणूस बाजूला सरकला.

बाहेर उसवायला गर्दी झाली. शिवायला जेवढा वेळ लागला त्याहून जास्त उसवायला लागला, कारण बायकांना आता प्रत्येकाला विचारायचं होतं की नाटकात काय झालं. दोघा-तिघांनी घाईनं दातांनीच दोरे तोडले. बाकीचे रांगेत उभे राहून बोलत होते, ओळखीचे आणि बिनओळखीचेही. एक जण दुसऱ्याला कपाटाचा किस्सा सांगत होता, जणू तो दुसरा आत नव्हताच. ज्यांनी फोनला हात लावू देणार नाही म्हटलं होतं ते गृहस्थ पिशवी हातात धरून कॉलेजच्या मुलींशी वाद घालत होते की आईचंच चुकलं होतं. जांभळ्या पिशवीचे आजोबा पिशवी उसवून न घेताच निघून गेले होते.

डॉक्टर बाई मात्र कुठे दिसेनात. यजमान मोठ्या अभिमानानं सांगायला लागले, "दुसऱ्या अंकात निरोप आला त्यांना. दवाखान्यातून. मी आत गेलो, खांद्याला हात लावला, आणि त्या उठून गेल्या. तुला कळलं तरी का?"

मला कळलं नव्हतं. कोणालाच कळलं नव्हतं. त्या बाई पुढच्या प्रयोगाला पुन्हा तिकीट काढून आल्या, राहिलेला भाग बघायला. येताना दवाखान्यातल्या दोघी नर्सनाही घेऊन आल्या.

दादांची पिशवी अक्कांनी उसवली. फोन चालू होताच भराभर वाजायला लागला. दादांनी एक नंबर लावला, ऐकलं आणि कपाळाला हात लावला. गाडीवाला वाट बघून अर्धाच माल घेऊन गेला होता. उरलेली शेवंती आता सकाळच्या गाडीनं, पडत्या भावात. दादा पायऱ्या उतरेपर्यंत गाडीवाल्याच्या नावानं बोलत होते. मला वाईट वाटलं. मी म्हणाले, "दादा, माझ्यामुळे नुकसान झालं तुमचं."

"ते जाऊ दे गं," ते म्हणाले. "मला एक सांग. ती पोरगी गेली कुठं?"

"ते नाटकात सांगितलेलं नाही, दादा."

"तेच तर म्हनतोय. का नाय सांगितलं?"

आम्ही त्यांच्या पिकअपमधूनच घरी निघालो. दिग्दर्शिकेला द्वारकेला बस पकडायची होती, म्हणून तिलाही घेतलं. पुढे दादा, अक्का, ती आणि मी कसेबसे मावलो; यजमान मागे हौद्यात, पिशव्यांच्या पोत्यावर बसले. सूर्य मावळतीला आला होता. गाडी सुरू होते न होते तोच दादांनी दिग्दर्शिकेला धरलं.

"पोरी, नाटक तू लिवलंय ना? मग ती गेली कुठं?"

"मला माहीत नाही, काका."

"आसं कसं? तूच लिवलंय."

"लिहिलंय. पण खरंच माहीत नाही."

दादांना हे अजिबात पटलं नाही. "मग कोनाला ठाऊक असनार?"

"मला हाय ठाऊक," अक्का म्हणाल्या.

आम्ही तिघंही त्यांच्याकडे बघायला लागलो. अक्का समोर रस्त्याकडे बघत होत्या. "ती घोटीच्या एसटीत बसली," त्या म्हणाल्या. "घोटीला तिची शाळंतली बाई राहती. तिच्याकडं उतरली. तिथं कामाला लागली. आईला फोन करायचं लय वेळा मनात येतं तिच्या. पन आई पहिलं काय बोलंल ते तिला ठाऊक हाय, म्हनून करत नाय."

"आन् मग?" दादांनी विचारलं.

द्वारकेचा सिग्नल हिरवा झाला. मागच्या रिक्षा, ट्रक, बस सगळ्यांनी एकदम हॉर्न लावले. मागून यजमान पत्र्यावर थापा मारत होते. दादांनी गाडी हलवली नाही.

"आन् मग काय झालं, ते सांग आधी," ते अक्कांना म्हणाले.